बॅरिस्टर की सॉलिसिटर? इंग्लंडमधल्या वकिलांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

खालची उत्तरं इंग्लंड आणि वेल्सच्या कायद्यापुरती आहेत. स्कॉटलंड, मुंबई किंवा इतर कुठला संबंध येतो तिथे तसं स्पष्ट म्हटलं आहे. प्रश्न पाठवणाऱ्यांत तिकडे कोर्टकचेरीत अडकलेले लोक आहेत, इथून मुलांच्या काळजीने विचारणारे आईवडील आहेत आणि तिकडे शिकायला जाऊ पाहणारे कायद्याचे विद्यार्थीही आहेत. मुदतींचे नियम बदलतात, म्हणून प्रत्यक्ष पाऊल उचलण्याआधी चालू नियम पाहून घ्या.

१. दोघंही वकीलच ना? मग फरक नेमका कशात आहे?

दोघंही वकीलच, पण कामाची वाटणी वेगळी. सॉलिसिटर तुमचं प्रकरण पहिल्या दिवसापासून शेवटपर्यंत सांभाळतो. कागदपत्रं गोळा करणं, समोरच्या बाजूशी पत्रव्यवहार, दावा दाखल करणं, मुदती पाळणं, साक्षीदारांचे जबाब लिहून घेणं, तडजोडीची बोलणी आणि पैशांचा हिशेब हे सगळं त्याच्याकडे असतं. ज्या कामांना कोर्टाची पायरीच चढावी लागत नाही, म्हणजे घरखरेदी, मृत्युपत्र, कंपन्यांचे करार, तीही बहुतेक त्याच्याचकडे.

बॅरिस्टर प्रकरणात ठरावीक कामापुरता येतो. कोर्टात युक्तिवाद करणं, उलटतपासणी घेणं, अवघड मुद्द्यावर लेखी मत देणं, दाव्याचा किंवा कैफियतीचा मसुदा करणं ही त्याची कामं. तुमची फाइल त्याच्या ताब्यात नसते आणि तुमचे पैसेही नसतात. या दोन गोष्टी लक्षात ठेवल्या तर पुढची बरीच उत्तरं आपोआप कळतात.

सॉलिसिटर सहसा फर्ममध्ये भागीदार किंवा नोकरदार असतो. त्याच्यावर सॉलिसिटर्स रेग्युलेशन अथॉरिटीची, म्हणजे एसआरएची, देखरेख असते. बहुतेक बॅरिस्टर स्वतंत्र व्यवसाय करतात आणि ‘चेंबर्स’ नावाच्या सामायिक कार्यालयात बसतात. त्यांच्यावर बार स्टँडर्ड्स बोर्डाची, म्हणजे बीएसबीची, देखरेख असते. सरकारी खात्यांत किंवा कंपन्यांत नोकरी करणारेही बॅरिस्टर आहेत.

२. या दोघांत मोठा कोण?

कोणीच नाही. आपल्याकडे नावामागे ‘बॅ.’ लागलं की माणूस मोठा, ही समजूत विलायतेहून शिकून आलेल्यांच्या काळातली आहे. बॅरिस्टर होण्याचा खर्च आणि प्रवास तेव्हा फार थोड्यांना परवडत असे. इंग्लंडमध्ये आज एखाद्या मोठ्या फर्मचा भागीदार असलेला सॉलिसिटर अनेक बॅरिस्टरांपेक्षा कितीतरी जास्त कमावतो. फौजदारी काम करणाऱ्या नव्या बॅरिस्टरची सुरुवातीची वर्षं मात्र ओढाताणीची असतात. न्यायाधीशपदाची वाटही दोघांना खुली आहे. लॉरेन्स कॉलिन्स हे सॉलिसिटर २००० साली थेट हायकोर्टाचे न्यायाधीश झाले आणि पुढे सुप्रीम कोर्टापर्यंत पोचले.

३. मला इंग्लंडमध्ये वकील हवा आहे. आधी कोणाचं दार ठोठावू?

बहुतेक वेळा सॉलिसिटरचं. घर, मृत्युपत्र, वारसा, घटस्फोट, नोकरीतला तंटा, अपघाताची भरपाई, पोलिसांनी चौकशीला बोलावणं, या सगळ्यांत सुरुवात तिथूनच करा. पोलीस ठाण्यात अटक झालेल्याला मोफत कायदेशीर सल्ल्याचा हक्क असतो. तिथे येणारा माणूस सहसा सॉलिसिटर किंवा त्याचा मान्यताप्राप्त प्रतिनिधी असतो.

घरखरेदीसाठी ‘लायसन्स्ड कन्व्हेयन्सर’ हा तिसरा पर्याय आहे. व्हिसाच्या कामासाठी इमिग्रेशन ॲडव्हाइस अथॉरिटीकडे नोंदलेला सल्लागारही चालतो. जानेवारी २०२५ पर्यंत या संस्थेचं नाव वेगळं होतं आणि ‘ओआयएससी’ ही तिची जुनी आद्याक्षरं अजून लोकांच्या तोंडी आहेत. थेट बॅरिस्टरकडे कधी जावं, याबद्दल प्रश्न ७ पाहा.

४. सॉलिसिटर म्हणाले, ‘आपण काउन्सेलला इन्स्ट्रक्ट करू.’ म्हणजे आता काय होणार?

तुमच्या प्रकरणात बॅरिस्टर घेतला जाणार. त्याचा क्रम साधारण असा असतो.

सॉलिसिटर बॅरिस्टरच्या चेंबर्समधल्या क्लार्कला फोन करतो. क्लार्क हा हाताखालचा कारकून असं समजू नका. कोणता बॅरिस्टर कोणत्या तारखेला मोकळा आहे, हे काम कोणाला जमेल आणि फी किती, हे तोच ठरवतो. ज्या बॅरिस्टरचं नाव तुम्ही ऐकलं होतं तो मिळाला नाही, तर क्लार्क त्याच चेंबर्समधलं दुसरं नाव सुचवतो. हो म्हणण्याआधी त्या माणसाची तशा कामातली माहिती सॉलिसिटरकडे मागा, तो तुमचा हक्क आहे.

मग सॉलिसिटर सूचनापत्र आणि कागदपत्रांचा गठ्ठा पाठवतो. सुनावणीसाठी पाठवलेल्या गठ्ठ्याला ‘ब्रीफ’ म्हणतात. बॅरिस्टर तो वाचतो आणि गरज वाटली तर तुम्ही, सॉलिसिटर आणि बॅरिस्टर अशी बैठक होते. तिला कॉन्फरन्स म्हणतात. या बैठकीला प्रश्न लिहून न्या आणि अडचणीची माहिती लपवू नका. उलटतपासणीत ती समोर आली तर बॅरिस्टरला सावरायला जागा उरत नाही. सुनावणीच्या थोडं आधी तो युक्तिवादाचा लेखी गोषवारा कोर्टाला देतो, त्याला ‘स्केलेटन’ म्हणतात. हा गोषवारा मागून घेऊन वाचा. तुमच्या प्रकरणातली एखादी तारीख किंवा रक्कम चुकली असेल तर ती सुधारण्याची शेवटची संधी हीच.

इथे बहुतेक वेळा एकाच कारणाने बिघडतं. सॉलिसिटर गठ्ठा उशिरा पाठवतो, बॅरिस्टर आदल्या रात्री वाचतो आणि एखादं कागदपत्र नसल्याचं सकाळी कोर्टाच्या आवारात कळतं. म्हणून गठ्ठा कधी गेला आणि त्यात काय काय होतं, हे सुनावणीच्या किमान आठवडाभर आधी सॉलिसिटरला लेखी विचारा.

५. मग दोघांनाही फी द्यायची? एकाच कामाचे दुप्पट पैसे नाहीत का होत?

दोघांनाही द्यावी लागते. मात्र काम एकच असतं असं नाही. सॉलिसिटर बहुधा तासावर आकारतो. बॅरिस्टरची फी सुनावणीसाठी ठरावीक रकमेत सांगितली जाते, तिला ब्रीफ फी म्हणतात. तयारी आणि सुनावणीचा पहिला दिवस तिच्यात धरलेला असतो. सुनावणी लांबली की पुढच्या प्रत्येक दिवसाला ‘रिफ्रेशर’ लागतो. या सगळ्यावर सहसा २० टक्के व्हॅट येतो. फी सांगितली की ती व्हॅटसकट आहे की व्हॅट वेगळा, हे तेव्हाच विचारा.

बरेच लोक फसतात ते ब्रीफ फीच्या देय तारखेवर. ठरलेल्या अटींनुसार ब्रीफ पोचल्यावर ती फी देय होते आणि त्यानंतर सुनावणीच्या आदल्या दिवशी तडजोड झाली तरी बरेचदा पूर्ण भरावी लागते. तडजोडीची शक्यता असेल तर ब्रीफ कोणत्या तारखेला पाठवायचं आणि नंतर प्रकरण मिटलं तर फी किती लागेल, हे आधी ठरवून घ्या.

पैसे तुम्ही सॉलिसिटरकडे देता. तो ते फर्मच्या पैशांपासून वेगळ्या ‘क्लायंट अकाउंट’मध्ये ठेवतो आणि तिथून बॅरिस्टरला पोचते करतो. जिंकणाऱ्याचा खर्च हरणाऱ्याने द्यायचा, हा तिथला सर्वसाधारण नियम, पण पूर्ण खर्च क्वचितच परत मिळतो. १०,००० पौंडांपर्यंतचे साधे दावे बहुधा ‘स्मॉल क्लेम्स’मध्ये चालतात. तिथे वकिलाची फी समोरच्याकडून जवळजवळ मिळतच नाही, त्यामुळे तिथे दोन वकील उभे करणं परवडत नाही.

६. सॉलिसिटर स्वतः कोर्टात बोलू शकत नाही का?

बोलू शकतो. मॅजिस्ट्रेट कोर्ट, काउंटी कोर्ट, फॅमिली कोर्ट आणि ट्रायब्युनल्समध्ये प्रत्येक सॉलिसिटरला हा अधिकार आहे. क्राउन कोर्ट (गंभीर फौजदारी खटल्यांचं कोर्ट), हायकोर्ट आणि त्यावरच्या कोर्टांत मात्र वेगळी पात्रता लागते. १९९० च्या कोर्ट्स अँड लीगल सर्व्हिसेस ॲक्टने ती वाट मोकळी केली. ही पात्रता मिळवलेल्याला ‘सॉलिसिटर ॲडव्होकेट’ म्हणतात. दिवाणी आणि फौजदारी कामांची परवानगी वेगवेगळी असते. तुमच्या सॉलिसिटरकडे कोणती आहे ते एसआरएच्या नोंदवहीत दिसतं.

याला काही अपवाद आहेत. मॅजिस्ट्रेट कोर्टात ज्या फर्मने प्रकरण चालवलं, तिचा सॉलिसिटर त्याच प्रकरणाच्या अपिलात क्राउन कोर्टातही उभा राहू शकतो. हायकोर्टात बंद दालनात होणाऱ्या काही सुनावण्यांतही त्याला बोलता येतं.

७. सॉलिसिटरला वगळून थेट बॅरिस्टरकडे गेलं तर पैसे वाचतील का?

कधीकधी वाचतात. २००४ पासून ‘पब्लिक ॲक्सेस’ योजनेत सामान्य माणूस थेट बॅरिस्टरला काम देऊ शकतो. बॅरिस्टरने त्यासाठीचं प्रशिक्षण घेतलेलं असलं पाहिजे. एका सुनावणीपुरता वकील हवा असेल, एखाद्या मुद्द्यावर लेखी मत हवं असेल किंवा पत्राचा मसुदा तपासून हवा असेल तर हा मार्ग उत्तम.

अडचण पुढे येते. तसा वेगळा परवाना नसेल तर बॅरिस्टरला तुमच्या वतीने ‘लिटिगेशन’ चालवता येत नाही. म्हणजे दावा दाखल करणं, कोर्टाची फी भरणं, समोरच्याला कागद बजावणं, कोर्टाची पत्रं घेणं आणि प्रत्येक मुदत पाळणं, हे सगळं तुमच्या अंगावर येतं. बॅरिस्टर कागद लिहून देईल, पण तो पाठवण्याची जबाबदारी तुमची. तुमचे पैसे सांभाळून ठेवण्याचीही त्याला परवानगी नाही.

मुदती किती कडक आहेत ते पाहा. कोर्टाने काढलेला क्लेम फॉर्म इंग्लंड-वेल्समधल्या प्रतिवादीला ४ महिन्यांत बजावावा लागतो. प्रतिवादी देशाबाहेर, समजा पुण्यात, असेल तर ही मुदत ६ महिन्यांची. तुमच्यावरच दावा झाला असेल तर दाव्याचा तपशील मिळाल्यापासून १४ दिवसांत कैफियत द्यायची. आधी पोच दाखल केली असेल तर २८ दिवस मिळतात. ही मुदत चुकली की समोरचा कैफियतीविना निकाल मागू शकतो. तो निकाल रद्द करून घेण्यात जाणारा वेळ आणि पैसा वाचवलेल्या फीपेक्षा जास्त होतो.

म्हणून स्वतःलाच तीन प्रश्न विचारा. दिवसातून एकदा तरी ईमेल आणि टपाल बघणं जमेल का? कागदपत्रं तारखेनुसार लावून, पानांना क्रमांक घालून देता येतील का? इंग्रजीतली औपचारिक पत्रं कोणाच्या मदतीशिवाय समजतात का? तिन्हींची उत्तरं ‘हो’ असतील तर थेट जा. नाहीतर सॉलिसिटरच बरा. चांगला बॅरिस्टर पहिल्याच पत्रात हे तपासतो आणि तुमच्या भल्याचं नसेल तर काम घ्यायला नकार देतो.

८. आरोप गंभीर आहे म्हणून बॅरिस्टर माझं काम नाकारेल का?

आरोप किळसवाणा आहे, अशील आवडत नाही किंवा लोक नावं ठेवतील, या कारणांनी त्याला नाकारता येत नाही. याला ‘कॅब-रँक’ नियम म्हणतात. आपल्या क्षेत्रातलं काम सॉलिसिटरमार्फत आलं, वेळ मोकळी असली आणि रास्त फी मिळत असली तर बॅरिस्टरने ते घ्यायचंच. लोकांच्या संतापाचा विषय झालेल्या माणसालाही वकील मिळतो तो या नियमामुळे, आणि इंग्लिश वकिलीतली ही सर्वांत मोलाची गोष्ट आहे.

त्याला नाकारता येतं ते हितसंबंधांचा संघर्ष असेल, तो विषय आपल्या आवाक्यातला नसेल किंवा तारखा अडकल्या असतील तर. हा नियम सॉलिसिटरला लागू नाही आणि थेट अशिलाकडून आलेल्या पब्लिक ॲक्सेस कामालाही नाही. मात्र वंश, धर्म, लिंग अशा कारणांवरून भेदभाव करायला दोघांनाही मनाई आहे.

९. माझा बॅरिस्टर आणि समोरच्याचा बॅरिस्टर एकाच चेंबर्सचे निघाले. हे आतून मिळालेले तर नाहीत ना?

हा प्रश्न फार येतो आणि शंका येणं साहजिक आहे. पण चेंबर्स म्हणजे फर्म नव्हे. तिथले बॅरिस्टर एकमेकांचे भागीदार नसतात. नफा वाटून घेत नाहीत, फक्त जागेचा आणि क्लार्कचा खर्च वाटून घेतात. त्यामुळे एकाच चेंबर्सचे दोघं समोरासमोर उभे राहू शकतात आणि हे नेहमीचंच आहे. कागदपत्रं मात्र एकमेकांपासून सुरक्षित ठेवली पाहिजेत. ती कशी ठेवली जातात हे सॉलिसिटरमार्फत विचारायला संकोच करू नका.

सॉलिसिटर फर्मचं तसं नाही. फर्म एक असल्यामुळे परस्परविरोधी हितसंबंधांच्या दोन अशिलांचं काम, अगदी मोजके अपवाद सोडले, तर तिला करता येत नाही.

१०. केसी म्हणजे काय? आणि नावापुढे ‘ज्युनिअर’ लिहिलंय म्हणजे नवखा का?

केसी म्हणजे किंग्ज काउन्सेल. राणी एलिझाबेथ यांचं ८ सप्टेंबर २०२२ रोजी निधन झालं आणि त्याच दिवशी सगळे क्यूसी, म्हणजे क्वीन्स काउन्सेल, केसी झाले. स्वतंत्र निवड समिती अर्जदारांची पारख करते. रेशमी झग्यावरून केसी होण्याला ‘सिल्क घेणं’ म्हणतात. १९९७ पासून सॉलिसिटरांनाही हा मान मिळतो.

केसी नसलेला प्रत्येक बॅरिस्टर ज्युनिअर, मग त्याची वकिली २५ वर्षांची का असेना. केसी घेतला की सोबत ज्युनिअर घ्यावाच लागेल, अशी सक्ती १९७७ मध्येच संपली. मोठ्या कामात तरीही दोघं असतात. तुमच्या प्रकरणात केसी खरंच हवा का, हे सॉलिसिटरला स्पष्ट विचारा. बऱ्याच दाव्यांत त्या विषयातला कसलेला ज्युनिअरच योग्य असतो आणि फीही बरीच कमी पडते.

११. विग कोण घालतं?

क्राउन कोर्टातल्या फौजदारी खटल्यांत बॅरिस्टर विग आणि झगा घालतात. २००८ पासून सॉलिसिटर ॲडव्होकेटनाही विगची मुभा आहे. मॅजिस्ट्रेट कोर्टात आणि ट्रायब्युनल्समध्ये साधा सूट असतो. विगवरून ‘हा बॅरिस्टरच’ असा अंदाज बांधू नका.

१२. समोरचा माणूस खरंच परवानाधारक आहे, हे कसं तपासू?

एसआरए आणि बीएसबी या दोन्ही संस्थांच्या संकेतस्थळांवर नोंदवह्या मोफत पाहता येतात. नाव टाका आणि तीन गोष्टी बघा. माणूस सध्या व्यवसाय करण्यास पात्र आहे का, फर्मचा किंवा चेंबर्सचा पत्ता जुळतो का आणि शिस्तभंगाची कारवाई नोंदलेली आहे का. पैसे पाठवण्याआधी नोंदवहीतल्या क्रमांकावर स्वतः फोन करा. ईमेलमध्ये आलेला क्रमांक किंवा ‘आमचं बँक खातं बदललं आहे’ असं पत्र यांवर विसंबू नका. घरखरेदीतल्या मोठ्या फसवणुका याच मार्गाने होतात.

आणखी एक सापळा आहे. बारची परीक्षा देऊन ‘कॉल’ झालेला, म्हणजे बॅरिस्टर म्हणून रीतसर दाखल करून घेतलेला, पण प्रत्यक्ष प्रशिक्षण न केलेला माणूसही बॅरिस्टर असतो, मात्र तो ‘अनरजिस्टर्ड’ असतो. त्याला तुमच्या वतीने कोर्टात बोलता येत नाही, दावाही चालवता येत नाही. कोर्टात बोलणं, दावा चालवणं, मालमत्तेचे ठरावीक दस्त करणं, प्रोबेट, नोटरीचं काम आणि शपथ देणं ही सहा कामं २००७ च्या लीगल सर्व्हिसेस ॲक्टने राखीव ठेवली आहेत. ‘लीगल कन्सल्टंट’ ही पाटी मात्र कोणीही लावू शकतो.

१३. वकिलाच्या चुकीने माझं नुकसान झालं. दाद कुठे मागू?

आधी त्याच वकिलाकडे लेखी तक्रार करा आणि तारखेची नोंद ठेवा. त्याला ८ आठवडे मिळतात. समाधान झालं नाही तर लीगल ओम्बुड्समनकडे, म्हणजे वकिलांच्या सेवेबद्दलच्या तक्रारी ऐकणाऱ्या संस्थेकडे, जा. अंतिम उत्तरापासून ६ महिने आणि घटनेपासून किंवा ती कळायला हवी होती तेव्हापासून १ वर्ष, अशा दोन्ही मुदती पाळाव्या लागतात. तिथून ५०,००० पौंडांपर्यंत भरपाईचा आदेश होऊ शकतो. त्याहून मोठ्या नुकसानीसाठी निष्काळजीपणाचा दावा लावावा लागतो. कोर्टातल्या युक्तिवादासाठी बॅरिस्टरवर दावा लावता येत नाही, हे जुनं संरक्षण हाउस ऑफ लॉर्ड्सने, म्हणजे तेव्हाच्या सर्वोच्च अपील न्यायालयाने, २००० साली हॉल विरुद्ध सायमन्स या प्रकरणात काढून टाकलं.

तक्रार सेवेबद्दल नसून अप्रामाणिकपणाबद्दल असेल तर ती थेट एसआरए किंवा बीएसबीकडे करा. समोरच्या बाजूच्या वकिलाविरुद्ध ओम्बुड्समन तुमची तक्रार घेत नाही, कारण तुम्ही त्याचे अशील नाही. त्याच्या गैरवर्तनाबद्दल फक्त नियामक संस्थेकडेच जाता येतं.

१४. माझी मुलगी बारावीनंतर कायदा शिकणार आहे. तिथे सॉलिसिटर व्हायचं तर काय लागतं?

कोणत्याही विषयाची पदवी किंवा समकक्ष पात्रता, एसक्यूई (सॉलिसिटर्स क्वालिफाइंग एक्झामिनेशन) ही परीक्षा, दोन वर्षांचा मान्य कामाचा अनुभव आणि चारित्र्याची पडताळणी. एसक्यूई २०२१ मध्ये सुरू झाली. पहिल्या टप्प्यात प्रत्येकी १८० बहुपर्यायी प्रश्नांचे दोन पेपर असतात. दुसऱ्या टप्प्यात अशिलाची मुलाखत, युक्तिवाद, मसुदालेखन अशी १६ प्रात्यक्षिकं. प्रत्येक टप्प्याला तीनच संधी आणि पहिल्या प्रयत्नापासून सहा वर्षांत सगळं पूर्ण करायचं. दोन वर्षांचा अनुभव जास्तीत जास्त चार ठिकाणी विभागता येतो.

१५. आणि बॅरिस्टर व्हायचं असेल तर?

कायद्याची पदवी, किंवा इतर पदवी आणि कायद्याकडे वळण्यासाठीचा रूपांतर अभ्यासक्रम. मग लिंकन्स इन, ग्रेज इन, इनर टेम्पल किंवा मिडल टेम्पल यांपैकी एका ‘इन’चं, म्हणजे बॅरिस्टरांच्या जुन्या संस्थेचं, सदस्यत्व, बारचा अभ्यासक्रम, इनमधली १० पात्रता सत्रं आणि ‘कॉल’. त्यानंतर १२ महिन्यांची ‘प्युपिलेज’. पहिले सहा महिने अनुभवी बॅरिस्टरच्या मागे बसून शिकायचं, पुढचे सहा महिने देखरेखीखाली स्वतः कामं घ्यायची. प्युपिलेजमध्ये ठरावीक किमान मानधन द्यावंच लागतं.

खरी अडचण प्युपिलेज मिळवण्याची आहे. अभ्यासक्रम पूर्ण करणाऱ्यांच्या मानाने जागा फार कमी आहेत आणि अभ्यासक्रमानंतर पाच वर्षांत ती सुरू झाली नाही तर पंचाईत होते. अभ्यासक्रमाची फी भरण्याआधी इनच्या शिष्यवृत्तीला अर्ज करा. शक्य असेल तर प्युपिलेजचा अर्जही आधीच करून बघा. कर्ज काढून शिकायला पाठवणाऱ्या पालकांनी हा भाग दोनदा वाचावा.

१६. माझ्याकडे महाराष्ट्र आणि गोवा बार कौन्सिलची सनद आहे. मला सगळं पहिल्यापासून करावं लागेल का?

नाही. सॉलिसिटर होण्यासाठी परदेशातल्या पात्र वकिलाला दोन वर्षांच्या अनुभवाची अट नाही. एसक्यूईचा पहिला टप्पा धरून चाला. दुसऱ्यातून अनुभवाच्या आधारे सूट मागता येते. ती मिळाली तर इंग्रजीचा पुरावा वेगळा द्यावा लागतो. बॅरिस्टर व्हायचं असेल तर बीएसबीकडे परदेशी वकील म्हणून अर्ज करायचा. ते तुमचा अनुभव पाहून कोणत्या परीक्षा द्यायच्या आणि प्युपिलेज किती करायची हे ठरवतात. ज्यांना पुढे कंपन्यांच्या व्यवहारांत काम करायचं आहे, त्यांना सॉलिसिटरचा मार्ग अधिक सरळ पडतो.

१७. तिकडे बॅरिस्टर होऊन आलं की इथे थेट वकिली करता येते का?

आता नाही. पूर्वी येत असे. गांधीजी १८९१ मध्ये इनर टेम्पलमधून बॅरिस्टर झाले. १९२२ मध्ये त्यांचं नाव तिथल्या यादीतून काढण्यात आलं आणि १९८८ मध्ये पुन्हा घालण्यात आलं. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९२२ मध्ये ग्रेज इनमधून बॅरिस्टर झाले आणि पुढच्या वर्षी त्यांनी मुंबई हायकोर्टात वकिली सुरू केली. त्याच ग्रेज इनने वि. दा. सावरकरांना परीक्षा उत्तीर्ण होऊनही १९०९ मध्ये ‘कॉल’ नाकारला. म्हणजे परीक्षा पुरेशी नव्हती, इनची मान्यताही लागे, आणि ती आजही लागते.

१९६१ च्या ॲडव्होकेट्स ॲक्टनुसार बॅरिस्टर म्हणून थेट सनद मिळण्यासाठी ‘कॉल’ ३१ डिसेंबर १९७६ किंवा त्याआधीचा असावा लागतो. आज परदेशी कायद्याची पदवी घेऊन येणाऱ्या भारतीयाने आधी ती पदवी बार कौन्सिल ऑफ इंडियाला मान्य आहे का ते पाहावं. मग कौन्सिलची पात्रता परीक्षा द्यावी लागते.

१८. मग मुंबईत ‘सॉलिसिटर’ म्हणवणारे कोण?

मुंबई हायकोर्टाच्या ओरिजिनल साइडवर (ओएस), म्हणजे दावे थेट हायकोर्टातच दाखल होतात त्या विभागात, पूर्वी इंग्लंडसारखीच दुहेरी पद्धत होती. ॲटर्नी म्हणजे सॉलिसिटर काम तयार करून द्यायचा आणि ओएस ॲडव्होकेट किंवा बॅरिस्टर कोर्टात बोलायचा. त्यामुळे सॉलिसिटरांशी ओळख नसलेल्या नव्या बॅरिस्टरला तिथे काम मिळणं कठीण असे. १९७६ च्या दुरुस्तीने मुंबई आणि कलकत्त्यातली ही पद्धत बंद झाली. आता कायद्याच्या लेखी भारतात वकिलांचा एकच वर्ग आहे, ॲडव्होकेट.

बॉम्बे इनकॉर्पोरेटेड लॉ सोसायटी मात्र तीन वर्षांच्या आर्टिकलशिपनंतर, म्हणजे उमेदवारीनंतर, सॉलिसिटरची परीक्षा घेते. ती कठीण म्हणून ओळखली जाते आणि फर्ममध्ये तिला वजन आहे. पण ती उत्तीर्ण झाल्याने सनदेहून वेगळा अधिकार मिळत नाही. ओरिजिनल साइडवर ‘काउन्सेल’ने फर्मकडून ब्रीफ घ्यायची रीत अजून टिकून आहे, ती वहिवाट म्हणून.

दिल्लीत याच्या जवळ जाणारी वाटणी सुप्रीम कोर्टात दिसते. तिथे प्रकरण दाखल करण्याचा अधिकार फक्त ॲडव्होकेट-ऑन-रेकॉर्डला आहे. सीनिअर ॲडव्होकेटला वकीलपत्र घेता येत नाही आणि अशिलाकडून थेट कामही घेता येत नाही.

१९. सॉलिसिटर जनरल म्हणजे सगळ्या सॉलिसिटरांचा प्रमुख का?

नाही. भारतात ते ॲटर्नी जनरलनंतरचं सरकारी कायदा अधिकाऱ्याचं पद आहे. सॉलिसिटर या व्यवसायाशी त्याचा संबंध नाही.

२०. कॅनडातल्या आमच्या वकिलाच्या पाटीवर ‘बॅरिस्टर अँड सॉलिसिटर’ असं दोन्ही आहे. हे कसं?

ओंटारिओसारख्या प्रांतांत दोन्ही शाखा एकत्र आहेत. एकाच परवान्यात दोन्ही अधिकार मिळतात, म्हणून पाटी तशी. क्वेबेकची पद्धत वेगळी, तिथे ॲव्होकाट आणि नोटरी असे दोन व्यवसाय आहेत. न्यूझीलंडमध्येही नोंदणी एकत्र होते, पण काही जण फक्त बॅरिस्टर म्हणून काम करतात. ऑस्ट्रेलियात न्यू साउथ वेल्स, व्हिक्टोरिया आणि क्वीन्सलंडमध्ये स्वतंत्र बार ठळकपणे टिकून आहे. सिंगापूर आणि मलेशियात ‘ॲडव्होकेट अँड सॉलिसिटर’ असा एकच वर्ग. हाँगकाँग, आयर्लंड आणि उत्तर आयर्लंडमध्ये दोन शाखा आहेत. स्कॉटलंडमध्ये बॅरिस्टरला ॲडव्होकेट म्हणतात आणि तिथली कायदापद्धतीच निराळी आहे. लंडनच्या सॉलिसिटरला एडिंबराच्या मालमत्तेचं काम देऊ नका.

२१. मी लंडनला राहतो. नाशिकची जमीन विकायला भावाला मुखत्यारपत्र द्यायचंय. इथल्या सॉलिसिटरची सही चालेल का?

नुसती सॉलिसिटरची सही पुरणार नाही. भारताबाहेर केलेल्या मुखत्यारपत्रावर भावाने दुय्यम निबंधकाकडे दस्त सादर करायचा असेल, तर १९०८ च्या नोंदणी कायद्याचं कलम ३३ लागू होतं. मुखत्यारपत्र नोटरी पब्लिक, कोर्ट, न्यायाधीश, मॅजिस्ट्रेट, भारतीय कॉन्सुल किंवा व्हाइस-कॉन्सुल, नाहीतर केंद्र सरकारचा प्रतिनिधी यांच्यासमोर केलेलं आणि त्यांनी प्रमाणित केलेलं असावं लागतं. या यादीत सॉलिसिटर नाही. इंग्लंडमध्ये नोटरी हा वेगळा व्यवसाय आहे आणि बहुतेक सॉलिसिटर नोटरी नसतात. सॉलिसिटरच्या सहीवर अपोस्टिल मिळू शकतं, आणि इथेच लोक फसतात. अपोस्टिल हे सरकारी प्रमाणपत्र सही खरी असल्याचं सांगतं, सॉलिसिटरला नोटरी करत नाही.

म्हणून भारतीय उच्चायोगात किंवा नोटरीसमोर जा. सही आधी करून नेऊ नका, त्यांच्यासमोरच करा. पासपोर्ट आणि पत्त्याचा पुरावा सोबत ठेवा. मसुदा नाशिकच्या वकिलाकडून तयार करून घ्या. गट क्रमांक, क्षेत्र आणि चतुःसीमा सातबाऱ्याशी जुळल्या पाहिजेत, आणि विक्रीचा, नोंदणीचा व मोबदला स्वीकारण्याचा अधिकार शब्दांत स्पष्ट लिहिलेला हवा. नोटरीमार्फत केलं असेल तर वर अपोस्टिल घ्या. मूळ कागद महाराष्ट्रात पोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक शुल्क भरून घ्यावं लागतं. भावाला पाकीट मिळालेल्या तारखेचा पुरावा, म्हणजे कुरिअरची पावती, जपून ठेवायला सांगा. मुदत त्याच तारखेपासून मोजली जाते.